चालू झालेला नोड १७: क्लस्टरमधल्या डिस्कबदलाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका संशोधन विभागाच्या क्लस्टरचं आहे. क्लस्टर म्हणजे नेटवर्कने जोडून एकत्र चालवलेली यंत्रं, त्यातलं एकेक यंत्र म्हणजे नोड. बाकीच्यांना सांभाळणारा एक हेड नोड, गणनेची कामं करणारे ३२ कम्प्यूट नोड आणि कामांची रांग सांभाळायला स्लर्म हा प्रोग्रॅम. कम्प्यूट नोडवर कुणी हाताने काही बसवत नाही. नोड नेटवर्कवरून बूट होतो, हेड नोडकडून किकस्टार्ट फाइल (इन्स्टॉलरने काय काय करायचं ते लिहिलेली फाइल) घेतो, डिस्कची पार्टिशनं, म्हणजे भाग, पाडतो, सिस्टिम टाकतो आणि पुन्हा सुरू होऊन रांगेत दाखल होतो. नोड बिघडला तर दुरुस्त करत बसायचं नाही, पुन्हा टाकायचा, म्हणजे त्यावर सिस्टिम नव्याने टाकायची, हा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता.

प्रत्येक नोडमध्ये १ टीबीची एकच डिस्क होती. सिस्टिम तिच्यावर आणि स्क्रॅचही तिच्यावरच. स्क्रॅच म्हणजे चालू कामाने आपल्या तात्पुरत्या फाइली टाकायची जागा. तिचा बॅकअप नसतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या कामाच्या चेकपॉइंट फाइली, म्हणजे काम मध्येच थांबलं तर तिथूनच पुढे सुरू करता यावं म्हणून ठेवलेल्या नोंदी, तिथेच साठतात, कारण वेग तिथेच मिळतो. त्याबद्दल वापरणाऱ्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. आपणच त्यांना तशी जागा दिलेली असते.

१३ ते २४ या बारा नोडवर मोठी कामं चालत आणि स्क्रॅच भरून ती मध्येच बंद पडत. म्हणून या बारा नोडना ४ टीबीच्या डिस्क घालायचं ठरलं. दहा डिस्क नव्या होत्या, दोन एका निवृत्त झालेल्या स्टोरेज सर्व्हरमधून काढलेल्या. हे बारा नोड दोन खेपांत घेतलेले. १३ ते १८ यांचे मदरबोर्ड एका प्रकारचे, १९ ते २४ यांचे दुसऱ्या. रोजच्या कामात हा फरक कधी जाणवला नव्हता, त्यामुळे तो डोक्यातून गेलाच होता.

जुनी डिस्क लगेच काढून घेतली तर लोकांना त्यांच्या फाइली हलवायला वेळ मिळणार नाही. म्हणून असं ठरलं की नवी डिस्क पहिल्या खणात बसवायची, जुनी दुसऱ्या खणात सरकवायची आणि दोन आठवडे ती फक्त वाचण्यापुरती जोडून ठेवायची. सगळ्या वापरकर्त्यांना मी स्वतः लिहिलं होतं, ‘जुन्या डिस्कला आम्ही हात लावणार नाही.’ हे वाक्य पुढे महत्त्वाचं ठरतं.

पहिला निर्णय: जुनी बूट पद्धत की नवी

यंत्र सुरू होताना मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, सिस्टिम शोधून सुरू करतो. त्याची जुनी पद्धत बायोस, नवी यूईएफआय. या नोडवर तोवर जुन्या बायोस पद्धतीने बूट होत असे आणि डिस्कवर एमबीआर पद्धतीचं पार्टिशन टेबल, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठे आहे याची यादी, होतं. ४ टीबीला ते पुरत नाही. एमबीआरमध्ये सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या तुकड्याचा, क्रमांक ३२ बिटांत लिहितात, म्हणजे जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर. एक सेक्टर ५१२ बाइटांचा धरला तर हिशेब २.२ टीबीच्या आसपास संपतो. त्यापुढची जागा डिस्कवर असूनही टेबलात मांडता येत नाही. त्यामुळे जीपीटी ही टेबलाची नवी पद्धत घेणं भागच होतं.

पण जीपीटी घेतलं म्हणून यूईएफआय घ्यावंच लागतं असं नाही. बायोस पद्धतीतही जीपीटी डिस्कवरून बूट करता येतं, फक्त ग्रबचा, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचा, मुख्य भाग ठेवायला साधारण १ एमबीचं एक वेगळं, फाइल सिस्टिम नसलेलं पार्टिशन द्यावं लागतं. एमबीआरच्या काळात ग्रब हा भाग पहिल्या सेक्टरनंतरच्या मोकळ्या जागेत ठेवत असे. जीपीटीत त्या जागेवर टेबलच बसतं, म्हणून ही सोय. यूईएफआयमध्ये याउलट फॅट फाइल सिस्टिम असलेलं ईएसपी नावाचं पार्टिशन लागतं. बूटलोडर त्यात साध्या फाइलीसारखा असतो आणि फर्मवेअर ती फाइल थेट उघडतं.

आम्ही यूईएफआय निवडलं, कारण क्लस्टरमध्ये पुढे येणारे नोड तसेच असणार होते. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो. डिस्क बसवताना तंत्रज्ञ सहकाऱ्याने प्रत्येक नोडच्या सेटिंगमध्ये जाऊन यूईएफआय निवडलं. किकस्टार्टमध्ये आम्ही ‘या यंत्राला बूटसाठी जे पार्टिशन लागेल ते तूच कर’ असं सांगणारा रेकपार्ट हा पर्याय टाकला. इन्स्टॉलर यूईएफआयमध्ये चालत असेल तर तो ईएसपी करतो, बायोसमध्ये असेल तर ते छोटं १ एमबीचं पार्टिशन. सोयीचा पर्याय आहे. पण इन्स्टॉलर चुकीच्या पद्धतीत सुरू झाला असेल तर तो तक्रार न करता त्या चुकीच्या पद्धतीला साजेसं काम चोख करून मोकळा होतो, याचा विचार आम्ही केला नव्हता.

नोड १३ वर चाचणी घेतली. तो नीट आला. शितावरून भाताची परीक्षा केली, पण शितं दोन वेगळ्या भांड्यांतली होती. दोन दिवसांनी, देखभालीसाठी मिळालेल्या एका रात्रीत, उरलेले अकरा नोड एकदम पुन्हा टाकायला घेतले.

सकाळी काय दिसलं

अकरापैकी चार नोड, १४, १६, १७ आणि १८, चालू झाले होते. पाच नोड, १९, २०, २१, २३ आणि २४, इन्स्टॉल पूर्ण करून पुन्हा सुरू झाले, पण बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही असा संदेश देऊन थांबले. उरलेले दोन, १५ आणि २२, इन्स्टॉलरमध्येच अडकले होते. तिथल्या संदेशाचा मथितार्थ असा की या डिस्कवर बायोस रेडची (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या पद्धतीची) माहिती आहे, पण ती ओळखीच्या कुठल्याही रेड संचातली नाही, म्हणून ही डिस्क सोडून देत आहे.

देखभालीची मुदत संपत आली होती आणि रांगेत कामं तुंबली होती. मी चालू झालेले चार नोड त्याच वेळी रांगेत परत सोडले. चालू नोड म्हणजे चांगला नोड, इतकाच तेव्हाचा विचार. आमचं सगळं लक्ष सात आजारी नोडकडे लागलं.

अडकलेले दोन नोड

हे तुलनेने लवकर सुटलं. दोन्ही नोडमध्ये स्टोरेज सर्व्हरमधून आलेल्या डिस्क होत्या. त्या ‘पुसून’ दिल्या होत्या, म्हणजे डीडी ही कमांड चालवून सुरुवातीचा १ जीबी शून्यांनी भरला होता. डिस्क कोरी करायची ही सर्रास वापरली जाणारी रीत आहे आणि ती अपुरी आहे. मदरबोर्डच्या फर्मवेअर रेडची नोंद डिस्कच्या शेवटच्या सेक्टरांत असते. जीपीटीचंही तेच: मुख्य टेबल सुरुवातीला, पण त्याची दुसरी प्रत शेवटच्या ३३ सेक्टरांत. सॉफ्टवेअर रेडच्या ०.९० आणि १.० या प्रकारांची नोंदही शेवटाकडेच असते. पुढचं दार रंगवलं आणि मागच्या दारावरची पाटी तशीच राहिली, असा प्रकार.

इन्स्टॉलरच्या दुसऱ्या कन्सोलवर जाऊन वाइपएफएस ही कमांड कुठलाही पर्याय न देता चालवली. अशी चालवली की ती काही पुसत नाही, फक्त डिस्कवर कुठल्या जागी कुठली खूण आहे ते सांगते. एकच ओळ आली: रेड सदस्य अशी खूण आणि तिची जागा थेट डिस्कच्या टोकाशी. डिस्क नक्की तीच आहे हे अनुक्रमांकावरून ताडून मग तीच कमांड सगळं पुसण्याच्या पर्यायासह चालवली. नोड १५ पुढच्या अर्ध्या तासात चालू झाला.

नोड २२ ने मात्र गोंधळ घातला. डिस्क स्वच्छ झाली, इन्स्टॉल पूर्ण झालं, आणि तोही इतर पाच नोडसारखा डिस्क सापडत नाही म्हणून थांबला. त्या क्षणी आम्हाला वाटलं की आपण पुसताना काहीतरी जास्तीचं पुसलं. खरं तर त्याला दोन वेगळी दुखणी होती आणि पहिलं बरं झाल्यावर दुसरं दिसायला लागलं होतं. दोन अडचणी एकावर एक बसल्या असतील तर पहिली सुटूनही काहीच सुटलं नाही असं वाटतं. माणूस केलेली बरोबर दुरुस्ती उलटवायला निघतो. आम्ही निघालोच होतो.

बूट न होणारे नोड: चुकलेला दिवस

पहिला अंदाज असा होता की ग्रब नीट बसला नाही. रेस्क्यूमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी चालवायच्या तात्पुरत्या सिस्टिममध्ये, जाऊन तो पुन्हा बसवला. कमांड विनातक्रार संपली, नोड पुन्हा तिथेच थांबला. तीन नोडवर हेच केलं. आता कळतं की रेस्क्यूमध्ये जातानाही आम्ही इन्स्टॉलसाठी वापरलेली, हेड नोडवरून नोडला नेटवर्कवर बूट करायला लावणारी तीच कमांड वापरत होतो, त्यामुळे रेस्क्यूही चुकीच्या पद्धतीत सुरू होत होतं आणि ग्रब पुन्हा बायोस पद्धतीचाच बसत होता. रुग्ण एका भाषेत बोलत होता आणि आम्ही औषधाची चिठ्ठी दुसऱ्या भाषेत लिहून देत होतो.

दुपारी सहकाऱ्याने नोड २० ला सेटिंगमध्ये जाऊन बायोस पद्धतीवर आणलं. नोड चालू झाला! लॉगिन आलं, नाव बरोबर, नेटवर्क बरोबर. तो म्हणाला, ‘सर, बाकीच्या सगळ्यांना हेच करून टाकू का?’ मी होय म्हणण्याच्या बेतात होतो. सहज म्हणून एलएसबीएलके चालवली, कुठली डिस्क कुठे जोडली आहे ते पाहायला. मूळ फाइल सिस्टिम १ टीबीच्या डिस्कवर होती. ४ टीबीची डिस्क शेजारी नुसतीच बसली होती. म्हणजे नोड नव्या सिस्टिमवर आलाच नव्हता. जुन्या डिस्कवरचा जुना बूटलोडर अजून जिवंत होता, बायोस पद्धत सुरू होताच फर्मवेअरला तो सापडला आणि जुनीच सिस्टिम उभी राहिली. बाहेरून पाहणाऱ्याला काही फरक दिसत नव्हता.

त्यानंतर आजारी नोडपैकी जो कुठल्याही मार्गाने चालू होईल त्याची मूळ डिस्क कुठली हे पाहायचंच, असं आम्ही ठरवलं. हा नियम अगदी योग्य होता. फक्त तो आम्ही आजारी नोडनाच लावला. चालू असलेल्या चार नोडवर तीच कमांड चालवायला फार तर एक मिनिट लागलं असतं.

चांगला नोड आणि वाईट नोड शेजारी ठेवले तेव्हा

संध्याकाळी अंदाज बांधणं थांबवलं आणि नोड १४ व नोड २१ यांची तुलना करायला बसलो. १४ चालू होता, २१ रेस्क्यूमध्ये होता. दोन्हीकडच्या नव्या डिस्कचं पार्टिशन टेबल छापून एकमेकांशेजारी ठेवलं.

१४ वर पहिलं पार्टिशन ६०० एमबीचं, ईएसपी. २१ वर पहिलं पार्टिशन १ एमबीचं. बाकीचं सगळं सारखं.

म्हणजे २१ वर इन्स्टॉलर बायोस पद्धतीत चालला होता. त्याने आपल्या परीने बरोबर काम केलं होतं. नंतर नोड पुन्हा सुरू झाला तेव्हा फर्मवेअर सेटिंगप्रमाणे यूईएफआयमध्ये आलं, त्याने ईएसपी शोधलं, ते नव्हतंच. पण सेटिंग यूईएफआय असताना इन्स्टॉलर बायोसमध्ये कसा गेला? सेटिंग दोनदा तपासलं, बरोबर होतं. चालू सिस्टिममध्ये /सिस/फर्मवेअर/ईएफआय ही डिरेक्टरी असेल तर बूट यूईएफआयमधून झालेलं असतं, नसेल तर बायोसमधून. २१ वर ती नव्हती.

मग नजर गेली आमच्या स्क्रिप्टवर. नोड पुन्हा टाकायचा तर हेड नोडवरून आयपीएमआयटूल या कमांडने नोडच्या बीएमसीला (यंत्र दुरून हाताळण्यासाठी मदरबोर्डवर असलेल्या छोट्या वेगळ्या संगणकाला) सांगतो, ‘पुढचं एक बूट नेटवर्कवरून कर’, आणि नोड बंद करून चालू करतो. हा निरोप आयपीएमआय या दुरून हाताळण्याच्या पद्धतीतल्या बूट पर्यायांमधून जातो आणि त्यात एक बिट असा असतो जो सांगतो की हे बूट जुन्या पद्धतीचं हवं की ईएफआयचं. आमच्या कमांडमध्ये त्याबद्दल काहीच नव्हतं. काही न सांगितलं तर बिट शून्य राहतो, आणि शून्याचा अर्थ जुनी पद्धत. १३ ते १८ यांच्या मदरबोर्डचं फर्मवेअर हा बिट मनावर घेत नाही, स्वतःच्या सेटिंगप्रमाणे चालतं. १९ ते २४ यांचं फर्मवेअर तो तंतोतंत पाळतं: एकदाच जुन्या पद्धतीने बूट, आणि पुढच्या वेळेपासून पुन्हा यूईएफआय. म्हणूनच चाचणीचा नोड १३ उत्तीर्ण झाला होता. इतकी वर्षं सगळेच नोड बायोसवर असल्याने त्या स्क्रिप्टमधली उणीव कधी बाहेर यायचं कारणच नव्हतं.

कमांडला ‘ऑप्शन्स=ईएफआयबूट’ एवढी शेपटी जोडली आणि २१ पुन्हा टाकला. पहिलं पार्टिशन ६०० एमबीचं झालं आणि नोड चालू झाला.

विचारात घेतलेले पर्याय

उरलेल्या पाच नोडचं काय करायचं यासाठी तीन मार्ग होते. पहिला, त्यांना बायोसवर ठेवायचं आणि जुन्या डिस्कचा बूटक्रम खाली ढकलायचा. सगळ्यात जलद. पण मग एकाच रांगेत दोन पद्धतींचे नोड राहतात. उद्या मदरबोर्ड बदलला किंवा बॅटरी संपून सेटिंग मूळपदावर गेलं की हाच गोंधळ पुन्हा, आणि तेव्हा आज काय ठरलं होतं हे सांगायला कुणी नसेल. दुसरा, आहे त्याच इन्स्टॉलमध्ये ईएसपी घालायचं: पार्टिशनं सरकवून जागा काढायची, ईएफआय प्रकारचा ग्रब टाकायचा, फर्मवेअरमध्ये त्याची नोंद करायची. हेड नोड असता तर मी हेच केलं असतं, कारण तो सहज पुन्हा टाकता येत नाही. तिसरा मार्ग म्हणजे दुरुस्त कमांडने सरळ पुन्हा टाकणं. कम्प्यूट नोडच्या नव्या डिस्कवर जपण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिसरा घेतला.

एक लहानसं उपप्रकरण इथे निघालं. यूईएफआयमध्ये इन्स्टॉलर काम संपताना आपली नोंद बूटक्रमात सगळ्यात वर टाकतो. त्यामुळे नोड नंतर आधी नेटवर्कला विचारत नाही, सरळ डिस्कवर जातो. आमची घडीच अशी होती की नोडने प्रत्येक बूटच्या वेळी हेड नोडला विचारायचं. किकस्टार्टच्या बूटलोडर ओळीत ‘लीव्हबूटऑर्डर’ हा पर्याय टाकल्यावर ते थांबलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाराही नोड चालू होते. आम्ही प्रकरण मिटलं असं समजून सगळ्यांना तसं कळवलं.

चौथा दिवस

चौथ्या दिवशी सकाळी एका संशोधक विद्यार्थिनीचा निरोप आला. ‘सर, नोड १७ वर माझी जुनी स्क्रॅच दिसत नाही. दोन आठवडे राहणार होती ना? माझ्या चेकपॉइंट फाइली त्यात आहेत.’

मी नोड १७ वर गेलो आणि एलएसबीएलके चालवली. मूळ फाइल सिस्टिम १ टीबीच्या डिस्कवर. ४ टीबीची डिस्क कोरी, तिच्यावर एकही पार्टिशन नाही. तीन दिवसांपूर्वी नोड २० वर पाहिलेलं जवळजवळ तेच चित्र होतं. फरक एवढाच, की २० वर जुनी सिस्टिम शाबूत होती. इथे जुन्या डिस्कवर नवी सिस्टिम टाकली गेली होती. तिचं स्क्रॅच पुसलं गेलं होतं.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. किकस्टार्टमध्ये लिहिलं होतं: फक्त एसडीए या नावाची डिस्क वापर, तीवरचं सगळं काढ, नवं टेबल टाक. नवी डिस्क पहिल्या खणात म्हणजे ती एसडीए, असा हिशेब. नोड १७ चा पहिल्या खणातला ट्रे अडकला होता. तंत्रज्ञ सहकाऱ्याने तो जोर लावून तोडण्याऐवजी तिथेच राहू दिला आणि नवी डिस्क दुसऱ्या खणात घातली. अगदी समजूतदारपणे केलेलं काम. त्याने ते सर्व्हर रूममधल्या कागदावर लिहूनही ठेवलं होतं. तो कागद इन्स्टॉल सुरू करणाऱ्याने, म्हणजे मी, वाचला नव्हता. आणि खण अदलाबदल झाले नसते तरी हा हिशेब कच्चाच होता. एसडीए, एसडीबी ही नावं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, डिस्क सापडतील त्या क्रमाने देतो. कंट्रोलर बदलला, एखादी यूएसबी किंवा बीएमसीची आभासी डिस्क मध्ये आली, तरी क्रम हलू शकतो.

पण मग चार दिवस कुणाला कळलं कसं नाही? जुनी डिस्क जोडण्याची ओळ एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूट होताना काय काय जोडायचं त्या यादीत, होती, आणि तिला नोफेल हा पर्याय दिलेला होता. तो मुद्दामच दिला होता. नोफेल नसेल आणि डिस्क सापडली नाही तर सिस्टिमडी हा बूट सांभाळणारा प्रोग्रॅम दीड मिनिट वाट पाहून नोडला आणीबाणीच्या शेलमध्ये टाकतो, आणि एका जुन्या डिस्कपायी अख्खा नोड अडून राहावा असं आम्हाला नको होतं. नोफेलने सांगितलेलं काम केलं. डिस्कवर ती फाइल सिस्टिम उरली नव्हती, जोडणी झाली नाही, नोड हसतमुख चालू झाला आणि मी त्याला रांगेत सोडलं.

सगळ्यात जास्त नुकसान याने झालं. इन्स्टॉलने डिस्कचा तसा थोडाच भाग लिहिला होता. पार्टिशन टेबल गेलं होतं, काही गिगाबाइट सिस्टिम वर बसली होती, पण बाकीचे जुने ब्लॉक बऱ्याच अंशी जागेवर असणार. त्यानंतरचे तीन दिवस रांगेतली कामं त्याच डिस्कवरच्या नव्या स्क्रॅचमध्ये शेकडो गिगाबाइट लिहीत होती. पहिल्या सकाळी कळलं असतं तर बरंच काही वाचवता आलं असतं.

त्यावर काय केलं

नोड १७ त्याच क्षणी बंद केला. रांगेतून काढून नुसता बाजूला ठेवला नाही, वीजच काढली, कारण चालू सिस्टिम स्वतःच्या लॉगसाठीही डिस्कवर लिहीत राहते. डिस्क बाहेर काढून दुसऱ्या यंत्राला फक्त वाचण्यापुरती जोडली आणि डीडीरेस्क्यूने तिची सबंध प्रत काढली. पुढचे सगळे प्रयत्न त्या प्रतीवर केले, मूळ डिस्कवर एकही नाही. जुन्या पार्टिशनच्या सीमा सापडल्या, कारण जुन्या किकस्टार्टवरून त्या पुन्हा काढता येत होत्या. फाइल सिस्टिम एक्सएफएस होती. तिच्या मुख्य नोंदीच्या प्रती डिस्कभर ठराविक अंतरावर असतात आणि त्यांतल्या काही शाबूत होत्या. त्यांच्या आधारे काही डिरेक्टऱ्या वर आल्या. इनपुट फाइली आणि स्क्रिप्ट मिळाल्या. चेकपॉइंट फाइली मोठ्या होत्या, डिस्कभर पसरलेल्या, आणि प्रत्येकीचा काही ना काही भाग नव्या कामांखाली गाडला गेला होता. अर्धवट चेकपॉइंटवरून काम पुन्हा सुरू करता येत नाही.

त्या विद्यार्थिनीकडे सामायिक स्टोरेजवर ११ दिवसांपूर्वीची एक प्रत होती. तिथून तिचं काम पुन्हा सुरू करावं लागलं. आम्ही तिला सगळं जसं घडलं तसं लिहून कळवलं, तिच्या मार्गदर्शकांनाही. काम पुन्हा त्याच जागी येईपर्यंत दोन नोड तिच्यासाठी राखून ठेवले. गेलेली गणना पुन्हा होऊ शकली म्हणून हे एवढ्यावर निभावलं. तिच्या जागी प्रयोगशाळेतली मोजमापं असती तर ती पुन्हा आली नसती.

मग बाकीच्या अकरा नोडवरही मूळ डिस्क कुठली ते पाहिलं. सगळे ठीक होते.

वेगळं काय करता आलं असतं

मला सगळ्यात जास्त खटकतं ते चार नोड घाईने रांगेत सोडणं. त्या सकाळी आमच्याकडे तीन प्रकारचे नोड होते आणि आम्ही दोनच प्रकारांना प्रश्न विचारले. बाराच्या बारा नोड ड्रेन, म्हणजे नवी कामं न घेणारे, ठेवून एकेकाची तपासणी केली असती तर रांग अर्धा दिवस जास्त तुंबली असती, इतकंच. शिवाय एकाच रात्री तीन गोष्टी बदलल्या होत्या: डिस्क, बूट पद्धत आणि किकस्टार्ट. काहीतरी बिघडलं तेव्हा कुठल्या बदलाने बिघडलं हे ओळखण्याचा मार्ग आम्ही आधीच बंद केला होता. यूईएफआयवर जाणं आधी, जुन्याच डिस्कच्या काळात, एका रिकाम्या नोडवर करून पाहता आलं असतं. आणि चाचणीसाठी प्रत्येक मदरबोर्ड प्रकारातला एक नोड घेतला असता तर बूट न होणाऱ्या सहा नोडचा प्रश्न एका नोडवरच, दिवसाउजेडी सुटला असता.

जुनी डिस्क इन्स्टॉलच्या वेळी आतच ठेवण्याचा निर्णय मी आता घेणार नाही. तिची केबल काढून ठेवायची, नवी सिस्टिम टाकून तपासायची आणि मग जोडायची. जी डिस्क जोडलेलीच नाही तिच्यावर कुठलीही किकस्टार्ट लिहू शकत नाही. बारा नोडना मिळून तासाभराचं हाताचं काम होतं. ते वाचवायला आम्ही एका ओळीवर विसंबलो.

आजची स्थिती

किकस्टार्टच्या सुरुवातीला, डिस्कला हात लागण्याआधी, आता एक छोटी स्क्रिप्ट चालते. ती आधी /सिस/फर्मवेअर/ईएफआय आहे का पाहते, नसेल तर थांबते. मग त्या नोडच्या नावापुढे हेड नोडवर नोंदवलेला डिस्कचा अनुक्रमांक घेते आणि /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी खाली तो शोधते. डिस्क सापडली नाही तर थांबते. सापडली पण तिच्यावर स्क्रॅचचं लेबल असलेली फाइल सिस्टिम दिसली, तर कुणीतरी हेड नोडवर ‘पुसायला हरकत नाही’ अशी नोंद त्या नोडसाठी केल्याशिवाय पुढे जात नाही. ती नोंद एकदाच चालते आणि इन्स्टॉलनंतर आपोआप निघून जाते. थांबलेला नोड पाहून पहिल्या महिन्यात आमच्यातले काही जण वैतागले, कारण बदललेल्या डिस्कचा अनुक्रमांक नोंदवायचा राहिला की इन्स्टॉल अडतं. मला ते अडणं हवंच आहे.

इन्स्टॉलनंतर प्रत्येक नोड आपली चार उत्तरं हेड नोडला पाठवतो: मूळ डिस्कचा अनुक्रमांक, बूटची पद्धत, स्क्रॅचचा आकार आणि जोडायला हव्या होत्या त्यांपैकी किती डिस्क जोडल्या गेल्या. नोफेल अजून आहे, पण त्याच्यावर आता ही राखण आहे. चारही उत्तरं जुळली तरच नोडचा ड्रेन निघतो, आणि तो कुणी हाताने काढत नाही. सर्व्हर रूममधला कागदही गेला. कुठल्या खणात काय आहे हे तंत्रज्ञ सहकारी आता तिथूनच, डिस्क बसवताना, थेट हेड नोडच्या नोंदीत लिहितो.

नोड १७ चा अडकलेला ट्रे बदलून झाला. त्यातली १ टीबीची जुनी डिस्क आम्ही अजून वापरात घेतलेली नाही. तिच्यावर तारीख आणि ‘पुसू नये’ असं लिहून ती कपाटात ठेवली आहे, त्या विद्यार्थिनीचं काम पूर्ण होऊन ती स्वतः सांगेपर्यंत.